दिल्लीतील जर्मन व डच भाषांचे अध्यापन : एक मागोवा

मराठी मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी ग्रंथात जर्मन आणि डच ह्या दोन परकीय भाषांच्या अध्यापनाचा इतिहास कशासाठी, असा प्रश्न अनेक वाचकांच्या मनात सहजच उभा राहील. राजधानीत नोकरीच्या निमित्ताने आलेल्या मराठी माणसाने येथे आपली भाषा जपली, गणेशोत्सव मांडला, नाटके उभी केली, ग्रंथसंग्रह वाढवला. ह्या संसाराशी ऱ्हाइन नदीच्या काठच्या भाषांचा संबंध तो काय? ह्या शंकेचे निरसन करणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मराठी विद्येचा आणि मराठ्यांच्या इतिहासाचा बराच मोठा ऐवज ह्या दोन भाषांच्या कुलुपात पडून आहे. त्यांपैकी एका भाषेची किल्ली दिल्लीने जपून ठेवली, दुसरीची मात्र विद्यापीठाच्या भाषावर्गात कधी नीट घडवलीच नाही. ही हकीकत जितकी अभिमानाची तितकीच खंत वाटावी अशी आहे, आणि म्हणूनच ती ह्या प्रसंगी सांगणे अगत्याचे वाटते.

एल्बिंगचा केटेलार

ह्या कथेचा आरंभ विद्यापीठापासून होत नाही, एका व्यापाऱ्यापासून होतो. योआन योशुआ केटेलार हा १६५९ साली बाल्टिक समुद्राजवळच्या एल्बिंग नगरात जन्मला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. केटेलार जन्माने जर्मन; पण पोटासाठी तो डच ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत शिरला आणि सुरतेच्या वखारीत येऊन पोचला. तेथे त्याने बाजारात आणि दरबारात चालणारी हिंदुस्थानी भाषा आत्मसात केली आणि डच भाषेतून तिचे व्याकरण लिहिले. ह्या व्याकरणाची १६९८ साली लखनौ येथे उतरवलेली एक प्रत नेदरलँड्समध्ये सुरक्षित आहे. हिंदुस्थानीच्या आज उपलब्ध असलेल्या व्याकरणांत हे सर्वांत जुने समजले जाते. पुढे १७४३ साली डेव्हिड मिल ह्या पंडिताने त्याचे लॅटिन रूप छापले, आणि युरोपातील विद्वानांस हिंदुस्थानीचा परिचय झाला तो त्यामुळे.

१७११ साली हाच केटेलार कंपनीचा वकील म्हणून मोगल बादशहाकडे निघाला. लाहोरास पोचून फार दिवस झाले नाहीत तोच बहादूरशहा वारला, राजपुत्रांत तख्तासाठी युद्ध जुंपले आणि विजयी झालेल्या जहांदारशहाच्या छावणीबरोबर डचांची ही वकिलातही १७१२ साली दिल्लीस आली. त्याच्या प्रवासाची रोजनिशी १९३७ साली संपादून प्रसिद्ध केली ती फोगेल ह्या डच विद्वानाने. भारताच्या पुरातत्त्व खात्यात अनेक वर्षे काम करून फोगेल पुढे लायडेन विद्यापीठात संस्कृतचे प्राध्यापक झाले होते. जर्मन मातृभाषेचा माणूस डच भाषेतून हिंदुस्थानीचे व्याकरण लिहितो आणि दिल्लीच्या दरबारी वकिली करतो, ह्यात आपल्या विषयाचे सर्व धागे एकत्र आले आहेत. विशेष हे, की भाषा शिकण्याचे कारण त्याच्यापुढे अगदी स्वच्छ होते : समोरच्या माणसाशी दुभाष्यावाचून बोलता यावे. पुढच्या तीन शतकांत ह्या दोन भाषा भारतात ज्या ज्या कारणांसाठी शिकल्या आणि शिकवल्या गेल्या, ती कारणे बदलत गेली. त्या बदलाचाच हा मागोवा आहे.

पुण्याहून आलेला वारसा

एकोणिसाव्या शतकात ही देवघेव संस्कृतच्या आश्रयाने वाढली. पुण्याच्या सरकारी महाविद्यालयात १८५९ पासून मार्टिन हाउग आणि १८६६ पासून १८८१ पर्यंत डेक्कन कॉलेजात फ्रान्झ कीलहॉर्न हे जर्मन पंडित संस्कृत शिकवीत होते; मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजात ब्यूलर होते. पतंजलीच्या महाभाष्याची कीलहॉर्न ह्यांनी सिद्ध केलेली आवृत्ती आजही अभ्यासकांच्या मेजावर असते. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांना १८८५ साली ग्योटिंगेन विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टर केले, आणि दुसऱ्याच वर्षी व्हिएन्ना येथील प्राच्यविद्या परिषदेस ते गेले. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली ‘ओरायन’मध्ये वेदकालाविषयी जो सिद्धान्त मांडला, त्याच्याशी जुळणाऱ्या निष्कर्षाप्रत बॉन विद्यापीठाचे हेर्मान याकोबी त्याच सुमारास स्वतंत्रपणे आले होते. टिळक तुरुंगात असता त्यांच्या सुटकेसाठी जो अर्ज झाला, त्यावर माक्स म्युलर ह्यांची सही होती. गंमत अशी, की ज्या माक्स म्युलर ह्यांचे नाव आज भारतातील जर्मन संस्कृतिकेंद्रांना दिलेले आहे, त्यांनी भारतभूमीवर कधी पाऊलही ठेवले नव्हते.

ह्या संबंधाचा परिणाम असा झाला, की पुढच्या पिढीच्या मराठी विद्वानांना जर्मन ही शोभेची नव्हे, गरजेची भाषा वाटू लागली. पां. दा. गुणे ह्यांनी लाइपझिगला जाऊन तौलनिक भाषाशास्त्र आत्मसात केले. वि. सी. सुखठणकर ह्यांनी बर्लिनला ल्यूडर्स ह्यांच्या हाताखाली पाठचिकित्सेचे शास्त्र शिकून घेतले आणि १९२५ पासून पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला तीच शिस्त लावली. इरावती कर्वे बर्लिनला गेल्या, रा. ना. दांडेकर हायडेलबर्गला. ही मंडळी जर्मन शिकली ती जर्मन होण्यासाठी नव्हे. जे आणायचे ते त्यांना ठाऊक होते, आणि ते घेऊन ती घरी परतली.

ह्याच परंपरेची एक शाखा दिल्लीस आली. दिल्ली विद्यापीठात १९५७ साली बौद्धविद्येचा स्वतंत्र विभाग सुरू झाला, तेव्हा त्याच्या प्रमुखपदी आले ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील पालीचे विख्यात पंडित पु. वि. बापट, आणि त्यांच्यानंतर वा. वि. गोखले. गोखले ह्यांनी १९३० साली बॉन विद्यापीठास जो प्रबंध सादर केला, तो एका बौद्ध ग्रंथाच्या चिनी अनुवादावरून केलेला जर्मन अनुवाद होता. मूळ भारतीय ग्रंथ, तो टिकला चिनीत, त्याची चिकित्सा झाली जर्मनमधून आणि ती केली एका मराठी माणसाने! गोखल्यांसारखा अध्यापक दिल्लीच्या वर्गात उभा राहिला म्हणजे विद्यार्थ्याला निराळे सांगावे लागत नसे, की परभाषा कशासाठी शिकायची.

दिल्लीची विद्यापीठे

स्वातंत्र्यानंतर दिल्लीत जर्मन शिकण्याची साधने झपाट्याने वाढली. माक्स म्युलर भवनाचे वर्ग सर्वांसाठी खुले झाले. दिल्ली विद्यापीठात आधुनिक युरोपीय भाषांचा विभाग होता; त्यालाच पुढे ‘जर्मानिक व रोमान्स अध्ययन विभाग’ हे नाव मिळाले. १९६९ साली जवाहरलाल नेहरू विद्यापीठ सुरू झाले आणि तेथे जर्मनचे स्वतंत्र केंद्र उभे राहिले. ह्या केंद्राची योजना विद्यापीठीय शिक्षणात नवीन होती. ज्याला जर्मनचे एक अक्षरही ठाऊक नाही असा विद्यार्थी येथे पदवीच्या पहिल्या वर्षात प्रवेश घेतो, मुळाक्षरांपासून आरंभ करतो आणि काही वर्षांत त्याच भाषेत साहित्यावर निबंध लिहू लागतो; पुढे तेथेच एम. ए. आणि पीएच. डी. करतो.

ह्या विद्यापीठाने दीर्घकाळ मागास जिल्ह्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांना प्रवेशाच्या वेळी काही अधिक गुण देण्याची प्रथा पाळली. त्यामुळे जर्मनच्या वर्गात बिहार, ओरिसा, राजस्थान, मराठवाडा अशा नाना प्रांतांतील मुले-मुली शेजारी बसू लागल्या. त्यांतील अनेकांना इंग्रजीच परकी होती. अशा विद्यार्थ्याला एक परकी भाषा दुसऱ्या परक्या भाषेतून शिकवणे हे अध्यापकापुढचे खरे आव्हान होते. व्याकरणाचे पुस्तक जर्मनीहून किंवा इंग्लंडहून आलेले. त्यातील उदाहरणे हिमवर्षावाची आणि भुयारी रेल्वेची. मेट्रो दिल्लीत धावू लागली ती २००२ च्या अखेरीस. तोवर तिचे तिकीट कसे काढावे हे विद्यार्थ्याने जर्मनमधून पाठ केलेले असे!

ह्याच अडचणीतून एक महत्त्वाचा विचार पुढे आला. भारतीय विद्यार्थ्याने जर्मन साहित्य जर्मन विद्यार्थ्यासारखेच वाचले पाहिजे, हा आग्रह सोडून देऊन, त्याने ते आपल्या जागेवरून वाचावे. त्याचे प्रश्न वेगळे असतील तर तो दोष न मानता लाभ मानावा, अशी ही भूमिका होती. नेहरू विद्यापीठातील प्रा. अनिल भट्टी आणि प्रा. प्रमोद तालगेरी ह्यांनी ह्या आंतरसांस्कृतिक अध्ययनाचा पुरस्कार केला. भट्टी ह्यांना २००१ साली जर्मनीचे याकोब व विल्हेल्म ग्रिम पारितोषिक मिळाले. तालगेरी पुढे हैदराबादच्या इंग्रजी व परकीय भाषांच्या केंद्रीय संस्थेचे कुलगुरू झाले. त्या विद्यापीठातील प्रशालेच्या नावात आज भाषेच्या जोडीने साहित्य आणि संस्कृती हे दोन्ही शब्द आहेत, ते उगाच नव्हेत.

संस्कृती शिकवणे हे व्याकरणापेक्षा अवघड काम. १९४९ पासून १९९० पर्यंत जर्मनी दोन होत्या. भारताने पूर्व जर्मनीशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले ते १९७२ साली. एकाच भाषेच्या दोन देशांतून दोन प्रकारची पुस्तके येत, आणि दोहोंतील वर्तमानपत्री शब्दसुद्धा वेगळे पडत. कोणती जर्मनी शिकवायची, हा प्रश्न वर्गातल्या नकाशापुढे उभ्या राहणाऱ्या प्रत्येक अध्यापकाला पडत असणार. १९९० नंतर नकाशा बदलला आणि पाठ्यपुस्तकेही बदलली.

रंगभूमीने मात्र ही दोन टोके आधीच जोडली होती. पूर्व जर्मनीचे दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ १९७० साली दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात ब्रेख्टचे नाटक बसवण्यासाठी आले. पुढे विजया मेहता ह्यांच्यासह त्यांनी मराठी रंगभूमीवरही काम केले, चिं. त्र्यं. खानोलकरांचे ‘अजब न्याय वर्तुळाचा’ हे ब्रेख्टच्या नाटकाचेच मराठी रूप. १९७८ साली पु. ल. देशपांडे ह्यांनी ‘तीन पैशाचा तमाशा’ रंगभूमीवर आणला तेव्हा बर्लिनचे नाटक लावणीच्या ठेक्यावर उभे राहिले. परकी संस्कृती पचवणे म्हणजे काय, हे त्या प्रयोगाने शेकडो व्याख्यानांपेक्षा चांगले शिकवले असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

मराठी कान आणि दोन बहिणी

ह्या ठिकाणी मराठी वाचकाला एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. दिल्लीच्या जर्मन वर्गात मराठी मुलामुलींना काही बाबतींत जन्मजात सवलत असते. हिंदीत लिंगे दोन, मराठीत तीन. नपुंसकलिंग म्हणजे काय हे हिंदी भाषकाला समजावून सांगावे लागते. मराठी मुलाला ‘तो, ती, ते’ म्हटले की ‘देअर, दी, दास’ कळते. इतकेच नव्हे, तर मूल, घर आणि पुस्तक हे तिन्ही शब्द मराठीत नपुंसकलिंगी, आणि जर्मनमधील ‘किंड’, ‘हाउस’ व ‘बूख’ हेही नपुंसकलिंगीच. सगळीच नामे अशी जुळतात असे नाही. सूर्य आपल्याकडे पुरुष, जर्मनीत स्त्री! तरीही वस्तूला तिसरे लिंग असू शकते ही कल्पनाच मुळात अंगवळणी पडलेली असते. एकवीस हा आकडा जर्मन माणूसही ‘एक आणि वीस’ असाच म्हणतो. ‘तू’ आणि ‘आपण’ ह्यांतील अंतर इंग्रजीने पुसून टाकले, जर्मनने राखले. ‘चाक’मधील दन्तमूलीय चकार, जो हिंदी भाषकाला साधत नाही, तो जर्मन ‘त्साइट’ म्हणताना मराठी जिभेवर आपोआप येतो.

आता दुसऱ्या बहिणीकडे वळू. डच ही जर्मनची सख्खी बहीण. घर जर्मनमध्ये ‘हाउस’, डचमध्ये ‘हौस’च्या जवळ जाणारा उच्चार, पुस्तक एकीकडे ‘बूख’, दुसरीकडे ‘बूक’, मुलगी ‘टोख्टर’ आणि ‘डोख्टर’, आणि दोहोंच्या मागे संस्कृत ‘दुहितृ’शी असलेले जुने नाते. दक्षिणेकडच्या जर्मन बोलींत काही व्यंजने पालटली, डचने ती जुन्या रूपात ठेवली. म्हणून दहा ह्या संख्येला जर्मन ‘त्सेन’ म्हणतो, डच ‘टीन’. मिरीला जर्मनमध्ये ‘प्फेफर’, डचमध्ये ‘पेपर’. दोन्ही शब्द ग्रीक-लॅटिनच्या वाटेने आपल्या ‘पिप्पली’पासून निघालेले. ज्या वस्तूच्या लोभाने डच गलबते मलबारच्या किनाऱ्यास लागली, तिचे नावसुद्धा त्यांनी येथलेच नेले होते! तात्पर्य हे, की ज्याला जर्मन उत्तम येते त्याला डच वाचण्यापुरती शिकायला फार काळ लागत नाही. असे असूनही दिल्लीत जर्मनला लाभले तसे पदवीचे केंद्र डचला लाभलेले नाही. ‘जर्मानिक’ ह्या शब्दाच्या पोटात डचही येते, पण व्यवहारात तो शब्द जर्मनपुरताच राहिला.

डच कागदांतील महाराष्ट्र

ह्यात आपले काय बिघडले, असे कोणी विचारील. उत्तरासाठी वेंगुर्ल्यास जावे. तेथील डच वखारीचे भग्नावशेष आजही उभे आहेत. सतराव्या शतकात ह्या वखारीतले अधिकारी आदिलशाही, पोर्तुगीज आणि शिवाजी महाराज ह्या तिन्ही सत्तांच्या हालचाली टिपून वरिष्ठांना कळवीत असत. १६६४ च्या जानेवारीत महाराजांनी सुरत लुटली तेव्हा तेथील डच वखारीनेही आपल्या नजरेने तो प्रसंग लिहून ठेवला. ह्या सर्वांहून मोलाचा कागद १६७७ चा. कर्नाटकाच्या मोहिमेत जिंजीचा प्रदेश हाती आल्यावर महाराजांनी तेथील डचांना व्यापाराचा कौल दिला. त्यात एक कलम असे, की पूर्वीच्या राजवटीत डचांना गुलाम म्हणून स्त्रीपुरुष विकत घेण्याची मुभा असली, तरी महाराजांच्या अंमलात ती मिळणार नाही. मनुष्यविक्रीला मनाई करणारे हे कलम डचांच्या दप्तरात नोंदले गेले म्हणून आपल्याला ठाऊक आहे. महाराजांच्या चरित्रातील इतकी उज्ज्वल गोष्ट सांगणारा कागद डच भाषेत आहे, हे किती जणांच्या ध्यानात असते?

कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. बाळकृष्ण ह्यांनी १९३२ पासून खंडशः प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी शिवचरित्रात हेगच्या दप्तरातील अशा कागदांचा प्रथमच विपुल उपयोग केला. महाराष्ट्रातील इतिहासाचे अभ्यासक डच साधनांचे अवतरण देतात तेव्हा त्यांतील पुष्कळांचा आधार आजही असे इंग्रजी अनुवादच असतात. अनुवाद हा उपकारकच. पण निवड करणाऱ्याला जे महत्त्वाचे वाटले तेवढेच त्यात उतरते. उरलेल्या कागदांत काय आहे हे विचारायचे झाले, तर ते वाचणारा मनुष्य हवा.

असा मनुष्य दिल्लीत घडलाच नाही असे मात्र नाही. मौज ही, की तो भाषेच्या विभागात न घडता अर्थशास्त्राच्या शाळेत घडला. तपन रायचौधुरी ह्यांनी डच साधनांवरून कोरोमंडल किनाऱ्यावरील कंपनीच्या व्यापाराचा ग्रंथ १९६२ साली प्रसिद्ध केला. ते पुढे दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्राध्यापक आणि संचालक झाले. त्याच संस्थेतील ओम प्रकाश ह्यांनी डच भाषा आत्मसात करून बंगालच्या व्यापाराचा इतिहास लिहिला. त्यांचा ग्रंथ १९८५ साली निघाला. संजय सुब्रह्मण्यम् हेही त्याच शाळेचे. ह्या अभ्यासकांनी दाखवून दिले, की कंपनीच्या जमाखर्चातून आपल्या विणकरांचा, सराफांचा आणि बंदरांचा इतिहास उभा करता येतो. ह्या दिल्लीकर विद्वानांचे लक्ष बंगाल आणि दक्षिणेकडे अधिक गेले हे स्वाभाविकच होते. वेंगुर्ल्याचे कागद वाचायला वेंगुर्ल्याची ओढ असलेला माणूस पाहिजे.

डच कंपनी १६०२ साली स्थापन झाली आणि १७९९ च्या अखेरीस संपली. तिची दप्तरे हेग, जकार्ता, कोलंबो, केपटाउन आणि आपल्या चेन्नईत आहेत. सर्व मिळून ती सुमारे अडीच कोटी पाने भरतात असा अंदाज आहे. २००३ साली युनेस्कोने ह्या दप्तरांना जागतिक स्मृतिठेव्याचा मान दिला. २००० नंतर लायडेन विद्यापीठाने आशियातील तरुण अभ्यासकांना बोलावून जुनी डच भाषा आणि तिची हस्तलिपी शिकवण्याचा उपक्रम चालवला. त्यात भारतीय विद्यार्थीही होते. आता तर हेगच्या दप्तरातील सुमारे ५० लाख पाने संगणकाच्या साह्याने वाचून छापील अक्षरांत आणण्यात आली आहेत आणि ती घरबसल्या पाहता येतात. डॉ. बाळकृष्णांच्या काळी जे कागद मिळवण्यासाठी सातासमुद्रापलीकडे संधान बांधावे लागे, ते आज करोलबागेतल्या किंवा नोएडातल्या खोलीत बसून उघडता येतात. अडसर उरला आहे तो केवळ भाषेचा.

संस्कृत विरुद्ध जर्मन?

दरम्यान राजधानीने एक विचित्र वाद पाहिला. २०११ साली झालेल्या करारानुसार केंद्रीय विद्यालयांत सहावी ते आठवीच्या वर्गांना तिसरी भाषा म्हणून जर्मन शिकवली जाऊ लागली. २०१४ च्या नोव्हेंबरात, ऐन शैक्षणिक वर्षाच्या मध्यावर, ही व्यवस्था बंद करून तिच्या जागी संस्कृत ठेवण्याचा निर्णय झाला. सुमारे ७० हजार विद्यार्थ्यांचा प्रश्न होता. पालक न्यायालयात गेले, वृत्तपत्रांतून दोन तट पडले. त्रिभाषा सूत्रात परकीय भाषेला तिसऱ्या भाषेचे स्थान असावे की नसावे, ह्याविषयी प्रामाणिक मतभेद संभवतो, आणि अतिरिक्त परकीय भाषा म्हणून जर्मनची वाट पुढे मोकळी राहिली. परंतु ह्या वादात संस्कृत आणि जर्मन ह्यांना एकमेकींच्या सवती म्हणून उभे करण्यात आले, ते पाहून कीलहॉर्न आणि भांडारकर ह्यांना काय वाटले असते? ज्या जर्मनमुळे संस्कृतच्या आधुनिक अध्ययनाला शास्त्र मिळाले आणि ज्या संस्कृतमुळे जर्मन भाषाशास्त्राला पाया मिळाला, त्यांतील एकीची निवड म्हणजे दुसरीचा त्याग, हे समीकरणच इतिहासाला धरून नव्हते. आपल्या शाळांतून हा इतिहास सांगितला गेला असता, तर वाद झालाही असता, पण तो अधिक समंजस झाला असता.

आजची गरज

आज जर्मन शिकणाऱ्यांची दिल्लीत वाण नाही. गुरुग्राम आणि नोएडा येथील कंपन्यांना जर्मन आणि डच जाणणारी माणसे हवी असतात. परिचारिका, अभियंते, उच्च शिक्षणासाठी जाणारे विद्यार्थी, सारेच पायऱ्यापायऱ्यांच्या परीक्षांची प्रमाणपत्रे मिळवण्याच्या धडपडीत असतात. ह्यात गैर काही नाही. केटेलारही पोटासाठीच भाषा शिकला होता. मात्र पोटासाठी शिकलेल्या भाषेतून त्याने एक व्याकरण मागे ठेवले, ही गोष्ट विसरू नये. प्रमाणपत्राच्या पायरीवर थांबणारे शिक्षण कंपनीचे काम भागवील. ते गोखल्यांचा प्रबंध किंवा सुखठणकरांचे महाभारत घडवणार नाही. विद्यापीठाचे काम येथूनच सुरू होते.

एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. हायडेलबर्गचे ग्युंटर सोंथायमर ह्यांनी महाराष्ट्रातील धनगरांबरोबर हिंडून बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा ह्या दैवतांवर १९७६ साली जो ग्रंथ लिहिला, तो जर्मनमध्ये आहे. १९८९ साली त्याचा इंग्रजी अनुवाद झाला आणि तेव्हा कोठे आपल्याकडच्या बहुतेक अभ्यासकांना तो वाचता आला. आपल्याच माळरानावरच्या देवांची माहिती आपल्याला दोन परक्या भाषा ओलांडून मिळावी, ह्यात सोंथायमर ह्यांचा गौरव आहे, आपला नाही.

ह्यावर उपाय अशक्य कोटीतला नाही. ज्या विद्यापीठांत जर्मनचे भक्कम केंद्र आहे, तेथे वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना एक वर्षाचा डच वाचनाचा जोडअभ्यासक्रम देता येईल; त्यात जुन्या हस्तलिपीचे शिक्षण आणि इतिहासविभागाचे साह्य असावे. नेहरू विद्यापीठात २०२५ च्या जुलैमध्ये कुसुमाग्रजांच्या नावे मराठी भाषेचे केंद्र सुरू झाले आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डॉ. तारा भवाळकर ह्यांच्या अध्यक्षतेखाली दिल्लीत भरले होते, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आहे. एकाच आवारात मराठीचे केंद्र आणि जर्मनचे केंद्र असणे हा योग वारंवार येत नाही. त्या दोहोंतून जाणारी पाऊलवाट पडली, तर वेंगुर्ल्याचे कागद थेट मराठीत आणणारे चार तरुण निघणे कठीण नाही. चारच पुरेत, गुणे, सुखठणकर, गोखले ह्यांची पिढी तरी संख्येने केवढीशी होती?

आपले मंडळ पन्नाशी ओलांडत असताना आपल्या घरांतील नातवंडे कोणती भाषा निवडावी ह्याचा विचार करीत आहेत. आजी-आजोबांनी त्यांना जर्मन घेऊ नको असे सांगू नये, आणि केवळ परदेशी जाता येईल म्हणून घे, एवढेही सांगून थांबू नये. बाळ, ही भाषा शीक, तिच्या बहिणीचीही ओळख करून घे, आणि तिकडच्या फडताळात आपले म्हणून जे काही ठेवलेले आहे ते एक दिवस मराठीत घेऊन ये, एवढे सांगावे. पूर्वसूरींनी परभाषेचा उंबरठा ओलांडला तो परत येण्याची वाट ध्यानात ठेवून. ती वाट पुढच्या पिढीला दाखवून देणे, हेही सुवर्णमहोत्सवी मंडळाचे एक कर्तव्यच होय.